पाळकांना हिंदू धर्म सांगताना: सोलापुरातलं एक प्रकरण

सोलापुरातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पाळकसाहेबांकडे एक जोडपं आलं. मुलगी त्यांच्याच मंडळीतली, बाप्तिस्मा झालेली. मुलगा मराठा, घरी तुळजाभवानी. लग्न नोंदणी पद्धतीनं झालं होतं आणि दोन्ही घरांची त्याला हरकत नव्हती. पण आता सासरी देवीचा गोंधळ घालायचं ठरलं होतं आणि चौकापुढं, म्हणजे देवीसाठी केलेल्या मांडणीपुढं, नव्या जोडीनं बसायचं होतं. मुलीनं विचारलं, ‘पाळकसाहेब, मी बसू का?’

पाळकसाहेब नगरकडचे, मिशनच्या बोर्डिंगात वाढलेले. संबळाचा आवाज त्यांनी लांबून ऐकला होता. पण चौकावर काय मांडतात, कोण कोणाला बोलावतं, समोर बसणाऱ्यानं काही कबूल करायचं असतं का, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी ओळखीच्या कॅथलिक फादरना विचारलं. फादर म्हणाले, नवऱ्याशेजारी बसायला काय हरकत आहे? मग एका तरुण, स्वतंत्र मंडळी चालवणाऱ्या पास्टरना विचारलं, तर ते म्हणाले की त्या घरात त्या दिवशी पाऊलसुद्धा टाकू नये. मुलीला उत्तर द्यायचं राहूनच गेलं. पण या तिघांच्या लक्षात आलं की ज्या धर्माच्या लोकांमध्ये आपण रोज वावरतो, त्याबद्दल आपल्याला गावातल्या कुठल्याही शाळकरी पोराइतकंसुद्धा नीट सांगता येत नाही. त्यातून शहरातल्या वेगवेगळ्या चर्चच्या धर्मगुरूंसाठी हिंदू धर्माची ओळख करून देणारा एक अभ्यासवर्ग उभा राहिला. मी त्याच्या आयोजनात होतो आणि नोंदी ठेवायचं काम माझ्याकडं होतं. अशा वर्गांचे वृत्तांत बहुतेक हार-तुऱ्यांचे असतात, म्हणून हा जरा सविस्तर लिहितोय.

आधी दोन्ही बाजूंना कोण होतं ते सांगायला हवं. ‘ख्रिस्ती धर्मगुरू’ म्हटलं की एक गट डोळ्यापुढं येतो, पण तसं काही नव्हतं. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला त्यांचं ठाणं झालं आणि पुढं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन मराठी मिशन सोलापुरात रुजलं. त्या परंपरेतल्या मंडळ्या १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. कॅथलिकांची व्यवस्था निराळी, बिशप-पोपची. आणि गेल्या काही दशकांत वस्त्या-वस्त्यांमधून पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या राहिलेल्या पेंटेकॉस्टल मंडळ्या तिसऱ्याच. या तिघांचं आपसातही फार पटत नाही. वर्गात फादर आणि पास्टर शेजारी बसले, हीच काही जणांना बातमी वाटली.

हिंदू बाजूचं तर विचारूच नका. सोलापूर म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू एकाच रिक्षात ऐकू येणारं गाव. वीरशैव लिंगायतांचा सिद्धरामेश्वर, पद्मशालींचा मार्कंडेय, अक्कलकोटला स्वामी समर्थ, पलीकडं तुळजापूर, आणि पंढरपूर तर जिल्ह्यातच. जुन्या पेठांमधून माध्व, म्हणजे द्वैत मानणाऱ्या मध्वाचार्यांच्या अनुयायांची, घरं आहेत, त्यांचं तत्त्वज्ञान शंकराचार्यांच्या बरोब्बर विरुद्ध टोकाचं. यातल्या कुणाला ‘हिंदू धर्म सांगा’ म्हणायचं, हा आयोजकांपुढचा पहिला प्रश्न असायला हवा होता. तो कुणी विचारला नाही. तत्त्वज्ञान शिकवलेले, उत्तम वक्ते असलेले एक निवृत्त प्राध्यापक सहज उपलब्ध होते. त्यांना बोलावलं गेलं.

सर चांगले दीड तास बोलले. हिंदू धर्म ही जीवनपद्धती आहे, त्याला संस्थापक नाही, एकच एक ग्रंथ नाही. ब्रह्म सत्य, जगत मिथ्या. मूर्ती हे सामान्य माणसाचं मन स्थिर करण्यासाठी दिलेलं प्रतीक. १८९३ ची शिकागोची परिषद. आणि शेवटी, सगळ्या नद्या एकाच सागराला मिळतात तसे सगळे धर्म एकाच सत्याकडं जातात, तेव्हा तुम्ही आणि आम्ही वेगळे नाहीच. टाळ्या झाल्या. प्रश्न दोनच आले, तेही ‘आपण फार सुंदर सांगितलंत’ या वळणाचे. चहाच्या वेळी सगळ्यांत ज्येष्ठ पाळक कप हातात घेऊन माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘सर छान बोलले. पण आमच्या आजीला गावात पाण्याला शिवू देत नव्हते, तेव्हा ती आणि ते ब्रह्म एकच आहे हे तिला कुणी सांगितलं नाही.’

माझ्या मते या प्रकरणाची सगळी किल्ली त्या वाक्यात होती. परदेशातून आलेल्या पाद्र्याला हिंदू धर्म समजावणं आणि सोलापूरच्या पाळकाला समजावणं यात फार अंतर आहे. परदेशी माणसाला माहिती नसते. इथल्या पाळकाला असते, पण ती वाड्याच्या बाहेरून पाहिलेली. यातल्या कित्येकांच्या तीन-चार पिढ्यांमागं घरात खंडोबाचा टाक होता, मरीआईला नैवेद्य जात होता. त्यांचे पणजोबा महारवाड्यातून किंवा मांगवाड्यातून मिशनच्या आवारात गेले, तेव्हा अद्वैतवेदान्त नाकारून गेले नव्हते. वेदान्त त्यांच्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. अशा माणसापुढं उपनिषदांपासून सुरुवात करायची म्हणजे ज्या घराच्या ओसरीवरही त्याला कधी चढू दिलं नाही, त्या घराचं देवघर किती सुंदर आहे याचं वर्णन त्याला ऐकवणं.

दुसरी अडचण त्या नद्या-सागराची. बोलणाऱ्याला वाटतं आपण केवढं मन मोठं करतोय. ऐकणारा आयुष्यभर ‘तारण येशूतच’ असं व्यासपीठावरून सांगत आलेला असतो. त्याला तुमचं-आमचं एकच म्हणणं म्हणजे तुझं जे काही खास आहे ते खरं तर नाहीच, असं गोड शब्दांत सांगणं. फादरनी पुढच्या बैठकीत हे मोकळेपणानं मांडलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं २८ ऑक्टोबर १९६५ ला इतर धर्मांविषयीचं घोषणापत्र काढलं. त्यात हिंदू धर्माचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि या धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं म्हटलं आहे. त्याच घोषणापत्रात ख्रिस्ताची घोषणा करत राहणं हे चर्चचं कर्तव्य असल्याचंही लिहिलं आहे. ‘आम्ही आदर करतो, सारखं मानत नाही. तुम्हीही तसंच करा ना, सोपं जाईल,’ फादर म्हणाले. हिंदू बाजूच्या दोघा-तिघांना ते लागलं. मला मात्र बरं वाटलं, कारण बोलणं आता कुठं खरं व्हायला लागलं होतं.

आणि सरांनी जे ‘हिंदू धर्म’ म्हणून सांगितलं, ते एका संप्रदायाचं म्हणणं होतं. माध्वांना विचारा, जीव आणि ईश्वर एक आहेत का? कानावर हात ठेवतील. पूर्वमीमांसा या वेदातल्या कर्मकांडाचा विचार करणाऱ्या दर्शनाला तर यज्ञ महत्त्वाचा, जग निर्माण करणारा ईश्वर मानायची तिला गरजच वाटली नाही. हे सगळं गाळून शिकलेल्या पाहुण्याला आवडेल, थोडंफार त्याच्याच धर्मासारखं दिसेल असं रूप पुढं करायची सवय आपल्याला इंग्रजी अमदानीपासून लागली आहे. मग पाहुणा विचारतो, हे इतकं निराकार आहे तर बाहेर ती शेंदूर लावलेली म्हसोबाची धोंड कसली? आणि आपण म्हणतो, ती अडाणी लोकांची. म्हणजे आपल्याच माणसांना पाहुण्यापुढं अडाणी म्हणायची वेळ येते.

पुढच्या बैठकीआधी पद्धत बदलली. धर्मगुरूंना प्रश्न लिहून द्यायला सांगितले, नाव न घालता. चिठ्ठ्या उघडल्यावर कळलं की गप्प बसलेल्या माणसांच्या पोटात किती काय होतं. नेमके देव किती? मूर्तीत देव असतो की मूर्तीच देव? पाप केलं तर क्षमा कोण करतं, की कोणीच नाही? पुनर्जन्म मानता तर श्राद्ध कोणाचं घालता, ते माणूस तर दुसरीकडं जन्मलेलं असेल? प्रसाद नाकारला तर अपमान होतो का? लिंगायत हिंदू आहेत का? आणि वहीच्या फाडलेल्या पानावर, मोठ्या अक्षरात: ‘माझ्या आजोबांना देवळात का घेतलं नाही, याचं उत्तर तुमच्या कोणत्या ग्रंथात आहे?’

वक्तेही बदलले. संस्कृत शिकवलेल्या एक निवृत्त बाई, पंढरपूरची वारी करणारे एक कीर्तनकार महाराज, एक जंगम (लिंगायतांचे गुरू) स्वामी, आणि माझ्या आग्रहावरून एक गोंधळी. गोंधळ्याला बोलावण्यावर आयोजकांतच कुरबुर झाली. ‘तो काय धर्म सांगणार?’ असं एकजण म्हणाले. ज्या प्रश्नावरून सगळं सुरू झालं त्याचं उत्तर त्याच्याशिवाय कुणालाच देता येणार नव्हतं, हे त्यांच्या गळी उतरवायला बराच वेळ गेला.

तो आला तो संबळ घेऊनच. चौरंगावर कापड, त्यावर धान्य, कलश, नारळ, सुपाऱ्या, पाच उसांचा मांडव, पेटती दिवटी, हे त्यानं हातवारे करत सांगितलं. मग आवाहन कसं करतात ते म्हणून दाखवलं: तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबा, जेजुरीचा खंडोबा, पंढरीचा विठोबा, सोलापूरचा सिद्धेश्वर, एकेका गावाचं नाव घेऊन ‘गोंधळाला ये’. पाळकसाहेबांनी थेट विचारलं, ‘बसणाऱ्या मुलीला काही शपथ घ्यावी लागते का? काही सोडल्याचं कबूल करावं लागतं?’ गोंधळी हसला. ‘शपथ-बिपथ काय नसती ओ साहेब. आईला बोलवायचं, लेकराचं लगीन झालं म्हणून सांगायचं, गाणं-कथा ऐकवायची, आरती करायची, आई आपली परत जाती. सून नवीन आली, ती तिला दाखवायची.’ ‘आणि ती दुसऱ्या देवाला मानत असेल तर?’ ‘आम्ही बोलावतो त्यात इतके देव येतेत. आईला त्याचं काय?’

पाळकसाहेबांनी ते लिहून घेतलं. त्यांना मिळालेली माहिती अशी होती: हा विधी श्रद्धेची कबुली मागत नाही, नात्याची जाहिरात करतो. त्यांच्या धर्मात बाप्तिस्मा घेताना तोंडानं कबुली द्यावी लागते, म्हणून त्यांचा प्रश्नच त्या साच्यातून आला होता. अर्थात यामुळं त्यांची अडचण सुटली असं नाही, कारण त्यांच्या दृष्टीनं देवीचं आवाहन होतंय तिथं बसणं हीसुद्धा एक कृती आहेच. शेवटी त्यांनी मुलीला सांगितलं की नवऱ्याशेजारी बस, पूजा-आरती हाती घेऊ नकोस, कुंकवाचं तुझं तू ठरव. सासऱ्यांनी ते मान्य केलं. तरुण पास्टरना हा निर्णय तेव्हाही चूक वाटला आणि आजही वाटतो.

चिठ्ठ्यांवरची उत्तरं काही झटपट झाली, काही लांबली. देव किती, याला बाईंनी बृहदारण्यक उपनिषदातला शाकल्य आणि याज्ञवल्क्याचा संवाद सांगितला. शाकल्य विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य आधी तीन हजारांच्या वरचा आकडा सांगतो. पुन्हा विचारल्यावर तेहतीस, मग सहा, मग तीन, दोन, दीड आणि शेवटी एक. ‘दीड’वर सगळे हसले. बाईंनी मुद्दा असा मांडला की यातलं कुठलंच उत्तर खोडलेलं नाही. तेहतीसही खरे, एकही खरा. एका पाळकांनी त्यांच्या त्रैक्याची (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) आठवण काढली, तर फादरनी लगेच अडवलं, ‘नको, ते वेगळं आहे. उगाच जुळवू नका.’ त्यांचं बरोबर होतं.

मूर्तीच्या प्रश्नाला महाराजांनी प्राध्यापकांना सरळ छेद दिला. ‘प्रतीक-बितीक आम्ही म्हणत नाही. विटेवर तो उभा आहे. उन्हाळ्यात त्याला चंदनाची उटी लावतो, रात्री शेजारती करून झोपवतो. प्रतीकाला कोण झोपवतं?’ मग बाईंनी प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन सांगितलं: मातीच्या गणपतीत देव येतो, दहा दिवस राहतो, उत्तरपूजा झाली की जातो, मग राहते ती माती. जंगम स्वामींनी आणखी तिसरं सांगितलं. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, आम्हाला देऊळ लागत नाही, पुजारी लागत नाही, हे आमचं देऊळ. एका प्रश्नाला तीन उत्तरं, तीही एकमेकांना न जुळणारी. तरुण पास्टर वहीत लिहायचे थांबले आणि म्हणाले, ‘मग मी मंडळीला यातलं कुठलं सांगू?’ बाई म्हणाल्या, ‘तिन्ही सांगा आणि ही माणसं वेगवेगळी आहेत हेही सांगा.’

पुनर्जन्म आणि श्राद्धाच्या प्रश्नानं बाईंना खरा आनंद झालेला दिसला. त्यांनी काही झाकलं नाही. पितरांना पिंड द्यायची कल्पना एका थरातली, कर्म आणि पुनर्जन्माचा सिद्धान्त दुसऱ्या थरातला. नवं आलं म्हणून जुनं कुणी टाकून दिलं नाही. पुराणांनी सांधा जुळवलाही आहे: पितर देव झाला असेल तर श्राद्धाचं अन्न त्याला अमृत होऊन पोचतं, पशू झाला असेल तर गवत होऊन. ‘पण पितृपक्षात कावळ्याला घास ठेवणाऱ्या बाईला तुम्ही हे विचारलंत तर ती म्हणेल, माझ्या सासऱ्यांना भजी आवडायची.’

लिंगायत हिंदू का, या चिठ्ठीनं मात्र यजमानांतच पेटलं. स्वामींनी बसवण्णांचा काळ सांगितला, वेदप्रामाण्य नाकारलेलं, वचनं कन्नडमध्ये, जातीला नकार. कर्नाटक सरकारनं २०१८ मध्ये लिंगायतांना स्वतंत्र धर्माचा दर्जा द्यावा अशी शिफारस केंद्राकडं केली, तेही सांगितलं. श्रोत्यांत बसलेले दुसरे एक लिंगायत गृहस्थ ताडकन उठले: आम्ही वीरशैव, पंचाचार्य (पाच आद्य गुरू) मानतो, आम्ही हिंदूच. महाराज मध्ये पडले, ‘तुम्ही वारीत येता की नाही?’ आवाज चढले. धर्मगुरू अवघडून एकमेकांकडं बघत होते. आयोजकांपैकी एकानं माझ्या कानाशी येऊन ‘थांबवा हे, लाज जाईल’ म्हटलं. मी थांबवलं नाही. नंतरच्या अभिप्रायांत बऱ्याच जणांनी हाच भाग सगळ्यांत उपयोगी ठरला असं लिहिलं. एकानं लिहिलं होतं की तुमच्यातही सिनोड (चर्चची वादविवादाची धर्मसभा) भरते हे माहीत नव्हतं.

सिद्धेश्वराच्या देवळात जायचं ठरलं ते यानंतर. तळ्याच्या पाण्यातून वाट जाते, मध्ये देऊळ, आवारात सिद्धरामांची योगसमाधी. बाराव्या शतकातला हा शिवयोगी. स्वामी कथा सांगत होते. गुरं राखणाऱ्या पोराकडं एक जंगम आला, पोरानं त्याला हुरडा दिला. जंगमानं दहीभात मागितला, पोरगं घरी धावलं, घेऊन आलं तर जंगम नाही. मग ‘मल्लय्या, मल्लय्या’ हाका मारत ते श्रीशैलापर्यंत गेलं. परत येऊन त्यानं तळं खोदलं, सोलापूरभोवती अडुसष्ट लिंगं स्थापली, पुढं कर्नाटकातल्या कल्याणला जाऊन शरणांमध्ये, म्हणजे बसवण्णांच्या मंडळातल्या संतांमध्ये, मोठं स्थान मिळवलं. लग्नाची इच्छा धरलेल्या कुंभारकन्येला त्यानं आपल्या योगदंडाशी लग्न लावायला परवानगी दिली. त्या लग्नाची आठवण म्हणून जानेवारीत गड्डा यात्रा भरते, भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, बाराबंदी घातलेले मानकरी सात नंदीध्वज पेलतात, आणि त्या ध्वजांचे मान वेगवेगळ्या समाजांकडं आहेत, त्यात मातंग समाजही आहे. हे शेवटचं ऐकताना ज्येष्ठ पाळक थांबले. ‘हे मला शाळेत असल्यापासून दिसतंय. दर संक्रांतीला रस्ता बंद म्हणून वैतागायचो. विचारलं कधी नाही.’

गाभाऱ्यापाशी पुजाऱ्यांनी तीर्थ पुढं केलं. फादरनी ओंजळ धरली आणि घेतलं. पाळकसाहेबांनी हात जोडले, घेतलं नाही. तरुण पास्टर दोन पावलं मागं सरकले. पुजाऱ्यांच्या कपाळावर क्षणभर आठी आली, मग ते पुढच्या माणसाकडं वळले. बाहेर पायऱ्यांवर बसून यावर जे बोलणं झालं, ते पूर्ण वर्गातलं सगळ्यांत नेमकं बोलणं म्हणेन मी. पाळकसाहेबांनी पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा आठवा अध्याय सांगितला. प्रश्न तिथंही हाच होता: मूर्तीपुढं ठेवलेलं अन्न खावं का? पौल म्हणतो, मूर्ती काही नाही, अन्नानं काही बिघडत नाही; पण तुझं खाणं पाहून श्रद्धेनं कच्चा असलेला भाऊ अडखळणार असेल तर खाऊ नको. ‘मला तीर्थाची भीती नाही. माझ्या मंडळीतल्या चार नव्या घरांची काळजी आहे.’

महाराज ऐकत होते. त्यांनी विचारलं, ‘आम्ही तुमच्या चर्चात आलो तर ती भाकरी आन् द्राक्षाचा रस आम्हाला देता का?’ पाळकसाहेब म्हणाले, नाही. बाप्तिस्मा झालेल्यांनाच प्रभुभोजन. ‘आणि फादरांच्या मिस्सात, त्यांच्या कॅथलिक उपासनेत, मलाही मिळत नाही.’ फादरनी मान डोलावली. महाराज मोठ्यानं हसले. ‘मग तर हिशेब बरोबर हाय की!’ स्वामी म्हणाले, आमचं इष्टलिंगही दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. प्रसाद नाकारणं म्हणजे अपमान हा समज त्या पायरीवर बराच सैल झाला. हिंदूंपैकी कुणालाच प्रभुभोजनाचा हा नियम आधी माहीत नव्हता, याचं मला आश्चर्य वाटलं; इतकी वर्षं एका गावात राहून.

याच देवळात एक भानगडही झाली. फादर तीर्थ घेतानाचा फोटो बरोबरच्या कुणीतरी काढला आणि संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सअॅपवर फिरायला लागला. एका गटात मथळा ‘घरवापसी’, दुसऱ्या गटात ‘फादरनी ख्रिस्त सोडला’. फादरना पुढच्या रविवारी मिस्सानंतर खुलासा करत बसावं लागलं. त्यानंतर वर्गात मोबाइल दारातच टोपलीत जमा व्हायला लागले.

फाडलेल्या पानावरचा प्रश्न मुद्दामच उशिरा घेतला होता. बाईंनी सुरुवातीला वर्ण गुणकर्मावर होते वगैरे म्हणायला घेतलं आणि स्वतःच थांबल्या. ‘हे मी वर्गात शिकवत आले. पण आजोबांच्या प्रश्नाचं हे उत्तर नाही. स्मृतींमध्ये बंदी लिहिलेली आहे. उत्तर तिथंच आहे.’ पुढं कोण बोलणार? महाराज उठले. चोखोबांचं सांगितलं: आपल्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून गेले, नामदेवांनी अस्थी पंढरपूरला आणल्या, महाद्वारासमोर नामदेव पायरीपाशी समाधी आहे. जिवंतपणी आत घेतलं नाही आणि त्यानंतरही सहा शतकं त्यांच्या माणसांना आत घेतलं नाही. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं तेव्हा कुठं दार उघडलं. ‘मी कीर्तनात चोखोबा रंगवून सांगतो. लोक रडतात. गावात गेल्यावर काय करतात ते तुम्हाला माहीत आहे.’

ज्येष्ठ पाळक म्हणाले, ‘महाराज, चोखोबा पायरीशी थांबले. आमचा आजोबा थांबला नाही, एवढंच.’ स्वामींनी कल्याणची हकिकत सांगितली: समगार (चांभार) हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचं लग्न शरणांनी लावलं, म्हणून बिज्जळ राजानं दोन्ही बापांना मृत्युदंड दिला अशी परंपरा आहे. आणि लगेच जोडलं की आज आमच्या स्थळांच्या यादीत पोटजातीचा रकाना असतो.

यावर महाराजांनी उलटा प्रश्न टाकला. टोमणा म्हणून नव्हे, पण टाकला. ‘चर्चात गेल्यावर जात गेली का?’ थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पाळकसाहेब म्हणाले, सोयरीक करताना ‘मूळचे कोण’ हे अजूनही विचारतात. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी हिंदू श्रोत्यांपैकी फार थोड्यांना माहीत होती: १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंनाच होता, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला, ख्रिस्ती झालेल्याला मिळत नाही. ‘म्हणजे सरकारदरबारी आमची जात गेली. लग्नात गेली नाही.’ आजोबांच्या प्रश्नावर कुणी समारोप केला नाही. मी वहीत ‘उत्तर दिलं नाही, कबूल केलं’ असं लिहिलं आहे.

त्या मानानं कृपेचा विषय अगदी हलका गेला. वारकऱ्यांची कृपा आणि ख्रिस्ती कृपा, दोन्हीकडं माणसाच्या कमाईवर भरवसा नाही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तुकोबांची वाट सोडली नाही. त्यांची भजनं मराठी चर्चमधून अजून गातात. एका पाळकांनी पेटी मागवून त्यातलं एक म्हटलं. महाराजांनी दुसऱ्याच ओळीला टाळ धरला आणि मध्येच ‘इथं जरा ओढून घ्या’ म्हणून चालही सुधारली. सगळे खूश. पण भजनानंतर तरुण पास्टरनी अवतारांचा विषय काढलाच: तुमचा देव पुन्हा पुन्हा येतो, आमचा एकदाच आला, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीत, आणि त्या एकदाच येण्यावर आमचं सगळं उभं आहे. महाराज म्हणाले, पटत नाही, पण कळलं. भजनानं माणसं जवळ येतात हे खरं, पण अशा वर्गात ते आधी ठेवू नये. आधी ठेवलं की मग कुणी अवघड विचारत नाही.

पुढच्या वेळेसाठी काही गोष्टी पक्क्या केल्या आहेत. पहिल्या दिवशी एकट्या वक्त्याचं भाषण नाही. कुलाचार करणारी, देवघर सांभाळणारी एखादी बाई वक्त्यांत असलीच पाहिजे, कारण या वेळी घरातल्या धर्माबद्दलचे सगळे प्रश्न पुरुषांनी किंवा पंडितांनी हाताळले. देवळात जाण्याआधी पुजाऱ्यांना सांगून ठेवायचं की सगळे जण तीर्थ घेतीलच असं नाही, आणि पाहुण्यांना सांगायचं की हात जोडले तरी चालतं. धर्मांतराच्या प्रश्नाला हात घातला नाही. दोन्हीकडं त्याची भीती आहे आणि ती लपवून ठेवली गेली. तरुण पास्टरांच्या वस्तीत प्रार्थनासभा बंद पाडल्या गेल्या होत्या, आणि श्रोत्यांतल्या एका गृहस्थांचा सख्खा भाऊ ख्रिस्ती होऊन घरातल्या कार्याला येईनासा झाला होता. ही दोन माणसं एकमेकांशेजारी चहा पीत होती आणि त्यांनी एकमेकांना ते सांगितलं नाही. त्यासाठी मोठा वर्ग चालणार नाही, चार-पाच जणांचीच बैठक लागेल.

त्याआधी मात्र उलटी फेरी व्हायची आहे: धर्मगुरूंनी हिंदूंना ख्रिस्ती धर्म सांगायचा. चिठ्ठ्या यायला लागल्या आहेत. महाराजांनी पहिलीच पाठवली: ‘एकाच जन्मात सगळा निकाल लागणार असेल, तर बाप्तिस्म्याआधी गेलेल्या लेकराचं काय?’ फादर आणि पाळकसाहेब दोघांनीही तयारीला वेळ मागून घेतलाय, आणि आपली उत्तरं जुळणार नाहीत हेही आधीच सांगून ठेवलंय.